चार माणसांसाठी, तीस मिनिटांत

मराठीत पाककृतींची पुस्तकं एकेकाळी भरपूरपणाची ऐट मिरवायची. लक्ष्मीबाई धुरंधर यांचं १९१० सालचं पुस्तक घ्या, नावच ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’. हजार! पुढे १९७० मध्ये कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ आलं. त्यांनी वाटी-चमचा ही घरातलीच मापं वापरली, म्हणून तोळे-मासे न कळणाऱ्या नव्या नवरीलाही ते हाताशी धरता आलं. तेही जाडजूडच. पुस्तक जितकं जाड तितकी गृहिणी सुगरण, असा तो हिशेब होता.

आता हिशेब उलटा झालाय. पुस्तक जितकं कमी मागेल तितकं चांगलं. पाच जिनसांत जेवण, चार जिनसांत जेवण, तीस मिनिटांत जेवण, एकाच भांड्यात जेवण. इंग्लंडच्या जेमी ऑलिव्हर यांनी २०१७ मध्ये पाच जिनसांच्या पाककृतींचं अख्खं पुस्तक काढलं आणि ते जगभर गेलं. आपल्याकडच्या पुरवण्यांत, मासिकांच्या मधल्या पानांत, समाजाच्या महिला मंडळांच्या पुस्तिकांतही हाच सूर आहे: ‘ऑफिसातून आल्यावर झटपट’. लग्नात मुलीला आता सहा पितळी डब्यांबरोबर असलं एखादं पुस्तक मिळतंच.

अशी पुस्तकं मी पुष्कळ वाचते. करण्यासाठी कमी, वाचण्यासाठी जास्त. पाककृती हाही मजकूरच असतो बघा. त्यातही लिहिणारी कोणाला समोर धरून लिहिते, काय गृहीत धरते, काय गाळते, हे दिसतं. कथा-कवितांवर आपण पानंच्या पानं लिहितो, आणि ज्या मजकुरावर रोज संध्याकाळी बायकांचे दोन तास जातात त्याला ‘छान आहे हो पुस्तक’ एवढ्यावर सोडून देतो.

तर आधी मोजणीकडे बघू. जेमी ऑलिव्हर यांच्या पुस्तकात पाच जिनसा म्हणजे पाचच नाहीत. दोन प्रकारचं ऑलिव्ह तेल, रेड वाइन व्हिनेगर, मीठ आणि मिरी या घरात असणारच असं धरून त्या मोजणीबाहेर ठेवल्यात. त्यांनी हे पुस्तकात सांगितलंय, लपवलेलं नाही, तेवढं श्रेय द्यायला हवं. आपल्या पुस्तकांत मात्र ते सांगायचीही गरज वाटत नाही. साहित्याच्या यादीत एक ओळ असते, ‘फोडणीचं साहित्य’. एक ओळ म्हणजे एक जिन्नस! मोहरी, जिरं, हिंग, हळद, कढीपत्ता, मिरची, तेल अशा सात वस्तू त्या ओळीत बसल्यात. त्यातली एक संपली असेल तर दुकानात तुम्हीच जायचं आहे, पुस्तक जाणार नाही.

दुसरी चलाखी तयार वस्तूंची. तयार सॉस, तयार पेस्ट, तयार पिठाची पोळी ही यादीत एकेक जिन्नस म्हणून येते. आपल्याला हसू येतं, पण आपल्या जुन्या बायकाही हेच करत होत्या, फक्त दुकानाच्या जागी घर होतं. मेतकूट-भात घ्या. भात, मेतकूट, तूप, मीठ, चार जिनसा, वीस मिनिटं, पोट भरतं, आजारी माणसालाही चालतं. पण मेतकुटात काय आहे? हरभरा डाळ, उडीद डाळ, तांदूळ, गहू, धणे, जिरं, मोहरी, मेथी, हळद, हिंग, सुंठ. हे सगळं वेगवेगळं, मंद आचेवर, न करपवता भाजायचं, गार करायचं, दळायचं. घरात एखादी आक्का दुपारी कढईपुढे दोन तास बसलेली असते, तिच्या जिवावर संध्याकाळी चार जिनसांत जेवण होतं. शेंगाचटणीचं तेच. भाकरी, शेंगाचटणी, दही अशा तीन जिनसा मोजून होतात. शेंगा सोलणं, भाजणं, पाखडणं कोणी मोजत नाही.

मोजक्या जिनसांचा स्वयंपाक म्हणजे पुष्कळदा आधी कोणीतरी करून ठेवलेल्या कामाचा स्वयंपाक, असं माझं वाचून वाचून मत झालंय. ते काम कारखान्यात झालं की पैशात मोजतात. घरात झालं की मोजतच नाहीत.

आता ही पुस्तकं आपल्या घरात आणून बघू. बेळगाव, निपाणी, चिकोडी, कोल्हापूर, सांगलीकडच्या दिगंबर जैन घरांबद्दल बोलते, कारण मला तीच आतून माहीत आहेत. बडोदा-इंदूरकडच्या वाचकांनी आपापल्या घरची भर घालून वाचावं.

या पुस्तकांची सोपेपणाची इमारत साधारण तीन खांबांवर उभी असते. पहिला खांब कांदा-लसूण. कमी जिनसांत चव आणायची तर त्यातली एखादी जोरकस हवी, आणि ती बहुतेक ठिकाणी परतलेला कांदा किंवा ठेचलेला लसूण असते. मग खाली बारीक अक्षरात टीप येते, ‘जैन वाचकांनी कांदा-लसूण वगळावा’. वगळावा म्हणे! पाच जिनसांतल्या दोन, त्याही चव आणणाऱ्या, काढल्यावर उरतं ते उकडलेलं डाळ-पाणी. ते आमच्यापुढे ठेवून पुस्तक पुढच्या पानावर जातं. ज्या पाककृतीतून मुख्य जिन्नस काढून चालते, ती लिहिणाऱ्या बाईने एकदा तशी करून, खाऊन बघितली असेल काय? मला शंका आहे.

दुसरा खांब शिळ्याचा. ‘रविवारी दुप्पट करून ठेवा’, ‘उरलेल्या वरणाचे पराठे करा’, ‘इडलीचं पीठ चार दिवस फ्रीजमध्ये राहतं’. नोकरी करणाऱ्या बाईला हा सल्ला खरंच उपयोगी आहे, मी त्याची टिंगल करणार नाही. पण आपल्याकडे वासी चालत नाही, आंबवलेलं पीठ अनेक घरांत चालत नाही, आणि नुसत्या कोरड्या पिठालाही मर्यादा आहे: पावसाळ्यात ३ दिवस, उन्हाळ्यात ५, हिवाळ्यात ७. काटेकोर पाळणाऱ्या घरात हाच नियम दळलेल्या मसाल्याला, म्हणजे वर सांगितलेल्या मेतकुटालाही लागतो. पाणी नुसतं गाळलं तर दोन घटका, उकळलं तर २४ तास. म्हणजे आधी करून ठेवलेल्या कामाची जी शिल्लक बाकीच्या बायकांना संध्याकाळी वापरता येते, ती आमच्या खात्यावर जमाच होत नाही. दर चार-पाच दिवसांनी गिरणीची फेरी ठरलेली.

तिसरा खांब रात्रीचा. ‘ऑफिसातून आल्यावर’ हे शब्दच बघा ना. ऑफिसातून आल्यावर म्हणजे सात वाजता. पुस्तकातली बाई सात वाजता येते, साडेसातला जेवण टेबलावर ठेवते, आणि फोटोत सगळे हसत असतात. बेळगावात नोव्हेंबराच्या अखेरीस सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो. मावळण्याच्या दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटं आधी जेवण उरकायचं म्हटलं तर सव्वापाच वाजले. जूनच्या शेवटी दिवस मोठा, सूर्य सातच्या पुढे जातो, तेव्हा सव्वासहापर्यंत मोकळीक. शाळा, बँक, तालुका कचेरी, कुठलीही नोकरी घ्या, हिवाळ्यात सव्वापाचला घरी कोण असतं? तीस मिनिटांची पाककृती आमच्या कामाची का नाही, तर ती तीस मिनिटंच जिथे असायला हवीत तिथे नसतात.

आणि पानाच्या वर लिहिलेलं असतं, ‘चार माणसांसाठी’. मला या दोन शब्दांबद्दल सगळ्यात जास्त बोलायचं आहे. चार माणसं म्हणजे एका वेळी ताटावर बसलेली चार माणसं असं पुस्तक धरतं. आपल्या किती घरांत तसं असतं, बायांनो? सासू-सासरे पाच वाजता जेवणार. त्यांचं व्रत आहे, त्यात वावगं काही नाही. मुलगा शिकवणीहून सातला येणार. नवरा दुकान बंद करून नऊला येणार, आणि त्याला गरम फुलका लागणार. सून स्वतः दिवसाउजेडी जेवायचं ठरवलेली असेल तर ती पाचच्या पंगतीत घाईघाईने दोन घास खाणार, नाहीतर उपाशी राहणार, नाहीतर नियम सोडणार. चार माणसांचा एक स्वयंपाक म्हणता म्हणता तीन स्वयंपाक होतात. जिनसा पाचच असतील, पण गॅस तीनदा पेटतो आणि ओटा तीनदा पुसावा लागतो.

हे पुस्तकाला ठाऊक नसणार, मान्य आहे. मग आपल्याच पुस्तिकांना तरी ठाऊक असावं की नाही?

महिला मंडळांच्या, पाठशाळांच्या, पर्युषणाच्या निमित्ताने निघणाऱ्या ‘जैन पाककृती’ पुस्तिका चाळून बघा. पहिली दोन पानं आहाराच्या साधेपणाची थोरवी. तिसऱ्या पानापासून जैन पावभाजी, जैन पनीर माखनी, जैन मंचुरियन, जैन पिझ्झा. बटाट्याच्या जागी कच्ची केळी, कांद्याच्या जागी कोबी, लसणाच्या जागी हिंग जास्त, घट्टपणाला काजू आणि मगज. चौदा-पंधरा जिनसा आणि दीड तास. त्यातला कोबी आपल्याच कितीतरी घरांत चालत नाही, कारण पानापानांत किडा असतो. हे लिहिणारीला माहीत असूनही बाहेरच्या पदार्थासारखं दिसावं म्हणून तो घातलाय. मला या पदार्थांचा राग नाही. मुलांनी मित्राच्या घरी पावभाजी बघितली की घरी मागणारच, आणि आईने ती नियमात बसवून करून दिली तर ती तिची हुशारी. पण पुस्तिकाच्या पुस्तिका अशाच निघतात, तेव्हा वाटतं की आपण आपल्या स्वयंपाकाला दुसऱ्याच्या स्वयंपाकाची उणी प्रत समजतोय. अमुक वजा कांदा, तमुक वजा बटाटा. त्यामुळे जे पदार्थ मुळातच कोणाची वजाबाकी नाहीत ते पुस्तिकेत येतच नाहीत. ते फार साधे, त्यात लिहायचं काय, असं समिती म्हणत असणार.

मला तर तिथेच लिहायचं भरपूर दिसतं. ज्वारीच्या कण्या. ज्वारी जाडसर भरडायची, पाणी, मीठ, एवढंच. एक वाटी कण्यांना चार-पाच वाट्या पाणी, आधी भिजवल्या तर लवकर शिजतात. वर ताक. ज्वारी द्विदल नाही, त्यामुळे ताकाशी तिचं भांडण नाही. पिठल्याचं मात्र आहे. बेसन किंवा हुलग्याचं पीठ ताकात कालवलं की द्विदलाचा दोष लागतो. ताक तापवून घेतलं तर चालतं असं काही घरं मानतात, काही मानत नाहीत. बडोद्याकडच्या खिचडी-कढीबद्दलही हाच वाद ऐकू येतो. आमच्याकडे हुलग्याचं पिठलं म्हणूनच आमसुलावर किंवा चिंचेवर करतात: हुलग्याचं पीठ, आमसूल, मिरची, जिऱ्या-हिंगाची फोडणी. नियमामुळे ताक गेलं आणि त्या जागी आमसूल आलं, पण पदार्थ उणा झाला नाही. खाणाऱ्याला ताकाची आठवणही येत नाही. पावभाजीतल्या कच्च्या केळीला हे जमत नाही, ती शेवटपर्यंत बटाट्याची आठवण करून देत राहते.

तांदळाची उकड तशीच. तांदळाचं पीठ, ताक, मिरची, जिरं, तेल. पंधरा मिनिटं. तांदळाचे घावन: पीठ, पाणी, मीठ, आंबवायची गरज नाही. मुगाच्या डाळीची खिचडी: तांदूळ, डाळ, तूप, जिरं, मिरी. इथे एक खोडी काढून घेते. कुकरच्या तीन शिट्ट्या म्हणून पुस्तकं दहा मिनिटं लिहितात. कुकर निवायला लागणारी पंधरा मिनिटं कोणाची असतात कोण जाणे! डाळ-तांदूळ निवडण्याची, खडा आणि किडा बघण्याचीही कुठे लिहिलेली नसतात, आणि आपल्याकडे तर निवडणं हा स्वयंपाकाचा पहिला भाग आहे.

अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी नाही, पावसाळ्यात पालेभाजी नाही. बाहेरच्याला वाटतं, मग खाता तरी काय? त्या दिवशी डाळी, कडधान्यं, शेंगदाण्याची आमटी, तीळ, कारळ्याची चटणी, गूळ हेच कामाला येतं. आणि मोजक्या जिनसांत चव आणण्याचं कसब त्या दिवसांत आपोआप हाताला बसतं. शेंगदाण्याची आमटी बघा: भाजलेल्या दाण्याचं वाटण, आमसूल, गूळ, तिखट, जिऱ्याची फोडणी. स्निग्धपणा, आंबट, गोड, तिखट, चौघांची कामं वाटून दिलेली आहेत, कोणी रिकामं बसलेलं नाही, म्हणून कांद्याला तिथे शिरायला जागाच नाही. पाच जिनसांची पाककृती तपासायची माझी रीत हीच आहे. एकेक काढून बघायची. काढल्यावर काही बिघडलं नाही तर ती भरतीची होती. एकच काढल्यावर सगळं कोसळलं तर बाकीच्या चार नुसत्या शोभेच्या होत्या.

इथवर पुस्तकांची चूक झाली. पण सगळं पुस्तकांवर ढकलून चालणार नाही.

बस्तीतल्या प्रवचनांत, सभांत, स्मरणिकांत ‘आपला साधा, सात्त्विक, मर्यादेचा आहार’ असं कौतुकानं सांगितलं जातं. साधा कोणासाठी? खाणाऱ्यासाठी साधा आहे, यात शंका नाही. करणारीच्या बाजूनं मोजलं तर पाणी गाळणं-उकळणं, ताजं दळण, रोजचं निवडणं, दोन-तीन पंगती आणि उजेडाशी शर्यत. मर्यादा सगळ्या घराची आणि ती सांभाळायचं काम एकीचं. ज्या घरात ते काम वाटून घेतलंय, सासरे स्वतः पाणी गाळतात, मुलगा गिरणीवर जातो, नवरा नऊला आल्यावर पाचला केलेली भाकरी कुरकुर न करता खातो, त्या घरातल्या सुना रात्रीभोजनत्याग वर्षानुवर्षं पाळताना मी बघते. जिथे वाटलेलं नाही तिथे आधी चातुर्मासापुरता राहतो, मग पर्वापुरता, मग फोटोपुरता. मुलींची श्रद्धा कमी झाली म्हणून वडीलधारे हळहळतात. श्रद्धेचं मला ठाऊक नाही, पण घड्याळाकडे बघितलं तर कारण सरळ दिसतं.

म्हणून समाजाची पुढची पुस्तिका काढणाऱ्या मंडळाला माझं एक सांगणं आहे. प्रत्येक पदार्थाखाली जिनसांच्या संख्येबरोबर आणखी तीन गोष्टी छापा. एक, निवडण्यापासून भांडी घासेपर्यंत खरा वेळ किती. दोन, हा पदार्थ पाचला केला तर नऊपर्यंत खाण्याजोगा राहतो काय. तीन, डब्यात जातो काय. शेवटचं महत्त्वाचं, कारण आता कितीतरी जणी सकाळीच दोन डबे भरतात आणि दुसरा डबा सव्वापाचला कचेरीतच उघडतात. बसमध्ये खिडकीशी बसून जेवणाऱ्याही आहेत. त्यांच्यासाठी एकही पान कोणी लिहिलेलं मला आढळलं नाही, आणि खरं तर मोजक्या जिनसांच्या जेवणाच्या पहिल्या वाचक त्याच आहेत.

मी वर सांगितलेले पदार्थ या तीन प्रश्नांना लावून बघितले. उकड नापास, गार झाली की घट्ट गोळा होतो. घावन दोन तास बरे, मग वातड. खिचडी डब्यात जाते, पण वरून तूप आणि थोडं गरम पाणी मागते. शेंगदाण्याची आमटी नऊपर्यंत चांगली राहते, उलट मुरते. डब्याचं झाकण मात्र घट्ट हवं. हुलग्याचं पिठलं कोरडं ठेवलं तर भाकरीबरोबर तिन्ही प्रश्नांत पास. कण्यांचं दोन्हीकडे आहे: ताकाशिवाय नेल्या आणि ताक वेगळ्या बाटलीत घेतलं तर सव्वापाचला उत्तम लागतात, घरी ठेवलेल्या मात्र नऊ वाजता पाण्याचा हबका मारून पुन्हा शिजवाव्या लागतात. तेवढं काम नऊला येणाऱ्यानं स्वतः करायला हरकत नाही, पातेलं ओट्यावरच असतं.